आण्णांना कुणी विचारलं नव्हतं

आण्णा सूत कातणाऱ्या रिंग फ्रेमवर होते, सांगलीजवळच्या एका सहकारी सूतगिरणीत, २६ वर्षं. रात्रपाळी करून आले की भुवयांवर, कानांवर कापूस बसलेला असायचा. आई आधी पदरानं तो झटकायची, मग चहा. गिरणी बंद झाली तेव्हा गेटवर नोटीस लागली. सभासदांची सभा आधीच होऊन गेली होती. कामगारांना तिथं कुणी बोलावलं नव्हतं. "सहकारी म्हणजे सगळ्यांची, अशी आमची समजूत होती," असं आण्णा आजही म्हणतात.

मी सांगलीच्या विश्रामबागेत अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते. समाजवाद कोसळला, बाजार आला, दुकानं भरली. पोलंडचा धडा आम्ही एवढ्यावर आटोपतो. पोलिश अर्थतज्ज्ञ तादेउश कोवालिक वाचल्यापासून मला तो तसा आटोपता येत नाही.

१९२६ साली लुब्लिनकडच्या खेड्यात जन्मलेला हा माणूस. समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांचा विद्यार्थी, मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेम्बर्गचा अभ्यासक. १९६८ मध्ये त्यांना सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षातून काढलं. समाजवाद त्यांनी सोडला नाही.

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्क या पोलिश बंदरातल्या लेनिन गोदीत, म्हणजे जहाजं बांधायच्या कारखान्यात, संप पेटला. कामगारांनी २१ मागण्या प्लायवूडच्या दोन फळ्यांवर लिहून गेटवर टांगल्या. पहिलीच मागणी होती पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र संघटनेची. वाटाघाटींत संपकऱ्यांच्या बाजूनं बसायला वॉर्साहून जे जाणकार गेले, त्यांत कोवालिक होते. गटाचे प्रमुख होते तादेउश माझोव्येत्स्की. ३१ ऑगस्टला सरकारला सही करावी लागली.

मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. सरकार आणि या संपातून उभी राहिलेली संघटना यांच्यातल्या १९८९ च्या गोलमेज परिषदेत कारखान्यांच्या कारभारात कामगारांना वाटा द्यायचं ठरलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टात माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले. म्हणजे गोदीत शेजारी बसलेली माणसं सत्तेत आली. आणि १ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी एका झटक्यात सगळं बाजारावर सोडायला घेतलं. महागाई तेव्हा हाताबाहेर गेली होती, काहीतरी करणं भागच होतं, हे खरं. कोवालिकही बदल नको म्हणत नव्हते. सावकाश करा, स्वीडनसारख्या देशांकडे बघा, ज्यांनी हे राज्य आणलं त्या कामगारांना बरोबर घ्या, एवढंच त्यांचं मागणं. १९९३ अखेर बेकारांचा आकडा २९ लाखांच्या घरात गेला, शंभरांत सोळा. ग्दान्स्कची ती गोदी १९९६ साली दिवाळखोरीत निघाली.

विरोधकांशी भांडणं मला समजतं. जे तुरुंगाच्या भीतीत बरोबर होते, त्यांना तोंडावर "हे ठरलं नव्हतं" म्हणायचं, आणि वीस वर्षं म्हणत राहायचं, याला काळीज लागतं. पोलंडच्या या वाटचालीवरचं त्यांचं पुस्तक २०१२ मध्ये इंग्रजीत आलं. त्याच वर्षी जुलैत ते गेले.

परवा आण्णांना मोबाईलवर त्या फळ्यांचा फोटो दाखवला. युनेस्कोनं जपून ठेवण्याच्या यादीत घातल्यात, म्हटलं. त्यांनी चष्मा वर केला, फोटो बोटांनी मोठा केला, अक्षरं लागत नव्हती तरी एकेक ओळ बघत गेले.

"गोदी बंद पडली तेव्हा यांची देणी मिळाली का गं?"

आण्णांची ग्रॅच्युइटी अजून यायची आहे.