डासाच्या डोळ्यातलं मुसळ

रक्त हे डासाचं रोजचं जेवण नव्हे. ते मादीचं डोहाळजेवण. अंडी पिकवायला लागणारी प्रथिनं तिला त्यातून मिळतात. उडायची ताकद येते साखरेतून, मुख्यतः फुलांच्या मकरंदातून. नर तर जन्मभर शाकाहारी.

उत्तर अमेरिकेतल्या थंड, ओलसर जंगलांत प्लॅटँथेरा ऑब्ट्युसाटा नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड, उगवते. जेमतेम वीतभर उंची, बुडाशी बहुधा एकच पान, फुलं हिरवट पांढरी आणि इतकी किरकोळ की पायाखाली आली तरी कळू नये. फुलामागे मकरंदाची बारीक नळी असते. सोंड तिच्यात घालायची तर एडिस डासाला डोकं पुढे खुपसावं लागतं, आणि नळीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना चिकट चकत्या टपलेल्या. डोळा टेकला की चकती बसलीच. डोकं मागे घेताना तिला जोडलेला पिवळा परागपुंज दांड्यासकट उपटून येतो. डोळ्यावरच का? डासाच्या बाकीच्या अंगावर खवले असतात, चकती खवल्यासकट सुटून यायची. डोळा मात्र गुळगुळीत. म्हणीतलं मुसळ इथे खरोखरच डोळ्यात असतं, आकारही साधारण तसाच. पुढच्या फुलात ते कुक्षीला लागलं की परागण झालं.

हे 1913 सालीच नोंदवलं गेलं होतं. डास येतात कशाच्या ओढीने, ते सिएटलचे जीवशास्त्रज्ञ जेफ्री रिफेल यांच्या गटाने 2020 साली मांडलं. या फुलाच्या वासात नोनॅनल जास्त, लायलॅक अल्डिहाइड अगदी कमी. जवळच्या काही जातींत हेच दुसरं द्रव्य भरपूर, आणि ते डासांना नकोसं. मसाला तोच, हात कमीजास्त पडलेला. गंमत म्हणजे नोनॅनल माणसाच्या अंगाच्या वासातही असतं.

त्या जंगलातले एडिस ओलसर मातीत अंडी घालतात. ती बर्फाखाली हिवाळा काढतात आणि बर्फ वितळून डबकी साचली की फुटतात. आपल्याकडच्या डेंग्यूवाल्या एडिसची युक्ती याच घराण्यातली. मादी अंडी चिकटवते रांजणाच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेघेच्या जरा वर. कोरडी पडूनही ती कित्येक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून साठवलेलं पाणी ओतून टाकायच्या ‘कोरड्या दिवशी’ रांजण नुसता उपडा करून भागत नाही. काठापर्यंत ब्रशने खरवडून घासावा लागतो. आपल्या हवेत अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे हे दर आठवड्याला. कुंडीखालची ताटली आणि फ्रिजमागचा ट्रेही त्यातच आला.