नाशिकच्या थंडीत नाताळचं जेवण

नाताळच्या कृती शोधायला गेलं तर मिळतात त्या बहुतेक मुंबई, वसई किंवा गोव्याच्या हवेतल्या. तिथे डिसेंबरातही लोणी ओट्यावर ठेवलं की मऊ होतं आणि यीस्टचं पीठ दीड तासात दुप्पट होतं. नाशिकला रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास असतो, काही वर्षी त्याच्याही खाली जातो, निफाडकडचं तर विचारूच नका. सकाळी खोबरेल तेलाची बाटली आणि तुपाचा डबा दोन्ही थिजलेले. कृती तीच ठेवली तर केक फुटतो, करंजी चामट होते, फुगे (यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे) दगड होतात. म्हणून मी मापं फारशी बदलत नाही, वेळा बदलतो. २५ तारखेला सकाळच्या उपासनेनंतर घरी अठरा माणसं जेवतात. हाताशी दोन बर्नरची शेगडी आणि एक छोटा ओव्हन. बेत ठरलेला: फळांचा केक, फराळ, काळ्या मसाल्याचा मटण रस्सा, पुलाव, कोशिंबीर आणि वसईच्या सोयरिकीतून आमच्या पानात आलेले फुगे.

केकची फळं आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतल्या, पहिल्या रविवारी भिजतात, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबर लागताच. बेदाणे २५० ग्रॅम, काळ्या मनुका २००, बिया काढलेला खजूर १५०, टुटीफ्रुटी १००, पाकवलेली संत्र्याची साल ५० आणि या सगळ्याला २०० मिली रम. बेदाणे आपल्याच जिल्ह्यातले घ्या, पण धुवून घ्या. द्राक्षं वाळवताना त्यांना डिपिंग ऑइलचा (लवकर वाळावीत म्हणून लावतात त्या तेलाचा) हात आणि बऱ्याचदा गंधकाची धुरी दिलेली असते. ती चव केकात उतरते. कोमट पाण्यात दोनदा चोळायचे आणि पंचावर पसरून पंख्याखाली पूर्ण कोरडे करायचे. ओलसर राहिले तर रम पातळ होते आणि बरणीला आठवड्यात आंबूस वास येतो. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अनेक घरांत दारू चालत नाही. तिथे २०० मिली संत्र्याच्या रसात फळं पाच मिनिटं उकळायची, गार करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्याच दिवशी केक करायचा. रसात महिनाभर ठेवायचा विचारही करू नये.

केक मी १८ तारखेच्या आसपास भाजतो, कारण आठवडाभर मुरला की तो कापताना चुरा होत नाही. मैदा ३०० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड चमचा, लोणी २५०, साखर २५०, अंडी ५, दालचिनी-लवंग-जायफळ-सुंठ यांची पूड मिळून दीड चमचा. रंगासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच जाळायची, कॉफीच्या रंगावर आली की १०० मिली उकळतं पाणी धारेने घालायचं. गार पाणी घातलं तर पाक उसळून अंगावर येतो आणि साखरेचा गोळा होतो, म्हणून हात लांब ठेवूनच. धूर निघू लागला तर टाकून द्या. कडू पाक फळांनी झाकला जात नाही.

थंडीचा पहिला तडाखा लोण्याला बसतो. इथलं 'रूम टेम्परेचर'चं लोणी म्हणजे वीटच. तुकडे करून ताटलीत पसरायचे आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर ताटली दहा मिनिटं ठेवायची. बोट रुतायला हवं, वितळायला नको. अंडीही कोमट पाण्यात दहा मिनिटं. गार अंडं फेटलेल्या लोण्यात पडलं की लोणी आकसतं आणि मिश्रण फुटून दह्यासारखं दिसतं. फुटलंच तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा टाकून फेटा, बहुतेक वेळा सावरतं. फळं निथळून त्याच मैद्यातले दोन चमचे त्यांना चोळायचे; नाहीतर सगळी तळाशी. सात इंची दोन डबे, दुहेरी कागद, १५० अंशांवर साधारण दीड तास. ओव्हन नसलेल्यांनी डबे बेकरीच्या भट्टीत द्यावेत, पण पावाचा घाणा निघून भट्टी उतरल्यावर ठेवा असं सांगूनच. चढत्या भट्टीत वरून काळा आणि मध्ये कच्चा असा केक हमखास मिळतो.

आता फराळ. आमच्याकडे नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि अनारसे होतात, दिवाळीत शेजारी होतात तेच. चकलीला दिवाळीचीच उरलेली भाजणी चालते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, पण गूळ घातलेलं पीठ दिवाळीला चार दिवसांत मुरतं ते डिसेंबरात आठवडा घेतं. म्हणून १० तारखेला तांदूळ भिजलेच पाहिजेत. घाईने तळलेल्या अनारशाला जाळी पडत नाही.

करंजीला जास्त जपावं लागतं. पारीसाठी बारीक रवा आणि मैदा प्रत्येकी २५० ग्रॅम, कडकडीत तुपाचं मोहन चार मोठे चमचे, दुधात घट्ट भिजवायचं. गार पिठावर गरम तूप पडलं की त्याचे लगेच मणी होतात. एका करंजीत सगळं मोहन आणि दुसरीत काहीच नाही. म्हणून पीठ परातीत पसरून तासभर उन्हात ठेवतो आणि मोहन तूप गरम असतानाच चोळतो. मुठीत पिठाचा मुटका वळला की झालं. ओल्या फडक्याखाली पाऊण तास, मग खलबत्त्यात कुटून पारी. सारणाला सुक्या खोबऱ्याचा भाजलेला कीस २५० ग्रॅम, पिठीसाखर २००, खसखस दोन चमचे, वेलची. एका करंजीत दीड चमच्याहून जास्त सारण भरू नका, कडेला कोरडं पीठ राहू देऊ नका, दुधाचं बोट लावून दाबा आणि मग कातण फिरवा. तेलात एक जरी फुटली तरी साखर जळते आणि पुढचा सगळा घाणा काळपट निघतो.

शंकरपाळ्यांचं माप सोपं: दूध, साखर, तूप एकेक वाटी, मैदा मावेल तेवढा, साधारण पाच वाट्या. मिश्रण कोमट असताना मैदा घालायचा. गार झालं तर तूप थिजून पीठ कोरडं वाटतं, आपण मैदा कमी घालतो आणि शंकरपाळे तेलात फसकतात.

तळणीचा क्रम महत्त्वाचा. दिवाळीत शेजारून आलेलं ताट नाताळात रिकामं परत जात नाही, आणि त्यातली निम्मी घरं अंडंसुद्धा न खाणारी. त्यामुळे ताटात जाणारा सगळा फराळ २१ ते २३ डिसेंबरला ताज्या तेलात, अंड्याचा पदार्थ त्या कढईत पडण्याआधी. झारा-चाळणीही वेगळी. दह्यावरचा बिनअंड्याचा केक होतो, पण एवढी फळं त्यात नीट बांधली जात नाहीत. त्या ताटांत मी केक ठेवतच नाही. चार करंज्या जास्त ठेवतो. शरणपूर भागात जुनी ख्रिस्ती घरं जवळजवळ आहेत, तिथे ताटं पायीच फिरतात. लांबच्यांना डबे द्यावे लागतात, आणि डबा भरण्याआधी फराळ पूर्ण गार हवा. कोमट करंजी डब्यात गेली की वाफेने दुसऱ्या दिवशी मऊ.

मटण अठरा जणांना ३ किलो पुरतं, कारण पुलाव आणि फुगे सोबत आहेत. २४ च्या सकाळी खाटकाकडे रांग असते, म्हणून दोन दिवस आधी सांगून ठेवायचं: खांदा आणि पुढची मांडी जास्त, थोड्या बरगड्या, चार नळ्या. वाटणाला कांदा पाऊण किलो. इथे एक स्थानिक अडचण आहे. उन्हाळ कांदा डिसेंबरपर्यंत संपत आलेला असतो आणि बाजारात नवा लाल कांदा येतो. त्यात पाणी जास्त. आगीवर भाजला तर बाहेरून काळा होतो नि आत शिजल्यासारखा मऊ राहतो, आणि वाटणात पाणी सुटून रस्सा गोडसर होतो. लाल कांदा असेल तर भाजून उभा चिरावा आणि कढईत तेलावर आणखी पंधरा मिनिटं परतावा, कडा तांबूस होईपर्यंत. साठवणीतला उन्हाळ कांदा दोन किलो जरी मिळाला तरी तो नाताळासाठी बाजूला ठेवा. सोबत सुकं खोबरं २५० ग्रॅम जवळजवळ काळं भाजून, लसणाचे दोन गड्डे, आलं ५० ग्रॅम, मूठभर कोथिंबीर. काळा मसाला पाच मोठे चमचे, तोही गॅस मंद करून, नाहीतर करपतो आणि तर्री लाल न येता तपकिरी येते.

मटण हळद, मीठ, आलं-लसणात तासभर ठेवून २४ च्या दुपारी दोन घाण्यांत कुकरला लावतो. सगळं एकदम कोंबलं तर वरचं कच्चं राहतं. पाणी नेहमी आधणाचं. शिजल्यावर वरचं पाणी गाळून सव्वा लिटर पुलावासाठी काढायचं, उरलेलं वाटणात. संध्याकाळपर्यंत रस्सा तयार होतो, फक्त मीठ किंचित कमी ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तापवताना तो आटतो. रात्री झाकून ओट्यावर ठेवू नका, थंडी असली तरी. लहान पातेल्यांत वाटून गार करून फ्रिजमध्येच.

फुग्यांच्या बाबतीत मात्र थंडी उपयोगी पडते, हे कळायला मला तीन नाताळ लागले. मैदा ५०० ग्रॅम, नारळाचं दूध २७५ मिली, अंडी २, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक चमचा. २५ च्या सकाळी सहाला दोन चमचे यीस्ट घालून भिजवलं तर नाशिकच्या स्वयंपाकघरात दहापर्यंत फुगत नाही, आणि गरम पाण्याजवळ ठेवून घाई केली तर आंबट वास येतो. त्यापेक्षा यीस्ट एकच चमचा घ्यायचं, २४ ला रात्री उपासनेला निघण्याआधी भिजवायचं आणि मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावरच सोडायचं. सकाळपर्यंत सावकाश दुप्पट होतं, चवही खोल येते. मग हलक्या हाताने हवा काढून फ्रिजमध्ये, आणि तळायच्या अर्धा तास आधी बाहेर. पीठ सैल आणि चिकटच हवं. भाकरीसारखं घट्ट झालं तर नारळाचं दूध वाढवा. मूठ ओली करून अंगठा आणि तर्जनीतून लिंबाएवढा गोळा पिळायचा, चमच्याने तोडून तेलात. तेल मध्यम. नीट फुगलेला गोळा बऱ्याचदा स्वतःच उलटतो. कडक तेलात बाहेरून तपकिरी आणि आत कच्चा चिकट.

कोशिंबिरीच्या दह्याचं विरजण २४ च्या दुपारीच, नेहमीपेक्षा एक चमचा जास्त, आणि भांडं कॅसरोलमध्ये. रात्री लावलं तर सकाळी दूधच हातात येतं.

२५ ला उपासनेहून परतायला साडेअकरा. सव्वा किलो बासमती लगेच भिजत घालतो. (घोटी-इगतपुरीकडचा इंद्रायणी चवीला छान, पण पुलावात चिकटतो.) बारा वाजता एका बर्नरवर पुलाव: तांदळाच्या दीडपट पाणी, म्हणजे कालचं मटणाचं पाणी आणि वर लागेल तेवढं आधण. दम बसला की पातेलं जाड चादरीत गुंडाळून कोपऱ्यात. तासभर गरम राहतं. रिकाम्या बर्नरवर रस्सा. फ्रिजमधून काढलेल्या एवढ्या रश्शाला उकळी यायला चाळीस मिनिटं लागतात आणि खोबऱ्यामुळे तळ धरतो, म्हणून सुरुवातीला मंद आच, अर्धा लिटर आधण आणि तळापर्यंत जाणारा लाकडी डाव. दुसऱ्या बर्नरवर शेवटी फुगे, म्हणजे ते थेट ताटात जातात. वाट्या गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या. स्टीलच्या गार वाटीत मटणाची चरबी दोन मिनिटांत पांढरी धरते आणि सगळ्यांच्या टाळूला चिकटते. प्रार्थना रस्सा वाढण्याआधी, नंतर नाही.

उरलेला रस्सा २६ ला सकाळी थिजलेला असतो. वरची चरबी निम्मी काढून बाजूला ठेवायची, रस्सा खळखळून उकळायचा आणि बाजरीची भाकरी टाकायची. काढलेल्या चरबीत चार हिरव्या मिरच्या परतल्या तर दुसरं तोंडी लावणं लागत नाही.