घंटा वाजली की एक फेरा उलटा

परवा यूट्यूबवर कुणीतरी फॅसिट कंपनीचं जुनं, दांड्यानं चालणारं आकडेमोडीचं मशीन उघडून साफ करत होतं. दांडा फिरला, खर्रर्र झालं आणि शेवटी टिंग. माझा उजवा हात आपसूक एक फेरा उलटा फिरला. सत्तरी आली, गुडघे बोलायला लागले, पण मनगट काही विसरलेलं नाही.

सांगलीत बी.एस्सी.ला स्टॅटिस्टिक्स घेतलं होतं, 1973 साली. प्रॅक्टिकलला आम्ही वीस जण आणि फॅसिट चार. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. भागाकार म्हणजे घंटा वाजेपर्यंत वजा करत राहायचं. घंटा वाजली म्हणजे एक फेरा जास्त झाला. तो परत करायचा, एक घर सरकायचं, पुन्हा सुरू. सगळे एकदम स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला बसले की लॅबमध्ये काकडआरती चाललीय असं वाटायचं.

ही मशीन स्वीडनमधल्या ओत्विदाबेरी नावाच्या गावातली. 1932 मध्ये त्यांनी दहाच कळांचं मशीन काढलं. त्याआधीच्या बऱ्याच मशीनवर प्रत्येक घरासाठी वेगळी खिट्टी सरकवावी लागे. इथे आकडा सरळ टाइप करायचा. ऑफिसांत आकडेमोडीला बसवलेल्या माणसांची रांग यानं आखूड केली असणारच. 1970 च्या सुमारास कंपनीत जगभर मिळून सुमारे 14,000 माणसं होती. मग जपानी इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर आले आणि दोन-तीन वर्षांत खेळ संपला. फॅसिट इलेक्ट्रोलक्स या दुसऱ्या स्वीडिश कंपनीच्या ताब्यात गेली.

मॅनेजमेंटवाले ही गोष्ट 'झोपलेली कंपनी' म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. फॅसिटवाले जपानच्या हायाकावाची, म्हणजे आजच्या शार्पची, इलेक्ट्रॉनिक मशीन स्वतःच्या नावाने विकत होते. त्यांना सगळं दिसत होतं. पण ज्या गावात पोरगं कारखान्यात लागलं की आईबाप निर्धास्त होत असतील, तिथे दातेरी चाकं बंद करा असं म्हणणार कोण? गंमत म्हणजे कारखाना बुडत असताना गावाचा फुटबॉल संघ 1972 आणि 1973, लागोपाठ दोन वर्षं स्वीडनचा विजेता. 1973 मध्ये युरोपियन कपात जर्मनीच्या बायर्न म्युनिककडून तिकडे 3-1 हरल्यावर त्यांनी घरच्या मैदानावर तितक्याच फरकाने त्यांना हरवलं, पेनल्टीवर बाहेर पडले, आणि बायर्नने त्यांचा खेळाडू टॉरस्टेन्सनच उचलून नेला.

मी पुढे बँकेत क्लार्क झाले. जून-डिसेंबरला सेव्हिंग्जच्या व्याजाचे प्रॉडक्ट, म्हणजे शिल्लक गुणिले मुदत, काढायला रात्रीचे नऊ वाजायचे. 1983 मध्ये बँका आणि युनियन यांच्यात यंत्रांबाबत करार झाला, त्यानंतर हळूहळू खात्यांच्या नोंदी करणारी लेजर पोस्टिंग मशीन आली. त्याआधी आम्ही गेटवर मशीनविरुद्ध घोषणा दिल्या होत्या, मीही दिल्या, घसा बसेपर्यंत. आमच्या शाखेत कुणाला घरी पाठवलं नाही. फक्त रिटायर झालेल्याची खुर्ची भरली गेली नाही, आणि एक दिवस पाहिलं तर सेव्हिंग्जच्या काउंटरला मी एकटीच. खरं सांगायचं तर नऊच्या ऐवजी सहाला घरी जायला मिळालं म्हणून तेव्हा मला बरंच वाटलं होतं. हे युनियनच्या मीटिंगमध्ये मी कधी बोलले नाही.

व्हिडिओ बघताना नातू शेजारी होता. म्हणाला, "आजी, याच्यावर वर्गमूळ कसं काढायचं?"

म्हटलं, "49 घे. त्यातून एक वजा कर, मग तीन, मग पाच, सात. विषम आकडे ओळीनं." त्यानं कागदावर केलं. तेरा वजा केल्यावर शून्य आलं. फेरे मोजले, सात.

"मग घंटा कधी वाजते?"

"आठव्याला. पंधरा वजा करायला जाशील तेव्हा."

"मग?"

मी हवेतच दांडा धरला आणि एक फेरा उलटा फिरवून दाखवला.