ऐरोलीची गॅलरी, खाडीतले रोहित आणि खालच्यांचा एसी

फोन मुलाचा होता, अमेरिकेतून. आई ऐरोलीला राहते, चौदावा मजला, गॅलरीतून ठाणे खाडी दिसते, गुडघ्यांमुळे तिचं पक्षी बघायला फिरणं बंद झालंय, तर घरबसल्या फ्लेमिंगो दिसतील अशी तुमच्याकडची सगळ्यात भारी दुर्बीण द्या, पैशांचं बघू नका. असं गिऱ्हाईक दुर्बिणींच्या धंद्यात क्वचितच येतं, त्यामुळे मालक म्हणाले उचल सगळं आणि घरी जाऊन दाखव.

एप्रिल महिना. सकाळी सातला तीन पेट्या नि दोन ट्रायपॉड घेऊन मी लिफ्टमध्ये. २०×८० ची दुर्बीण (वीस पट जवळ दाखवणारी, पुढची काच ८० मिमीची), २५×१०० ची दुर्बीण आणि एक ८० मिमीचा, २० ते ६० झूमवाला अँगल्ड स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची नळी, डोळा लावायची बाजू वर वाकवलेली. ओहोटीची वेळ मुद्दाम बघून घेतली होती, कारण चिखल उघडा पडला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, खायला पसरतात, भरतीला ते कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही. गॅलरी पश्चिमेला तोंड करून, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून. याहून चांगली जागा कुठली! तिवरांच्या पलीकडे गुलाबी पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, मोबाईलच्या नकाशावर अंतर मोजलं तर दीड किलोमीटरच्या आसपास. हिशोब सोपा आहे, वीस पटीत दीड किलोमीटरचे पंच्याहत्तर मीटर होतात, पंचवीस पटीत साठ.

काकूंना पक्ष्यांची माहिती माझ्यापेक्षा जास्त, मोठा रोहित नि छोटा रोहित चोचीवरून वेगळे काढायचेत म्हणाल्या, मोठ्याची फिकट गुलाबी चोच आणि टोक काळं, छोट्याची सगळीच गडद. "ते दिसलं तर घेईन, नाहीतर ठिपके मला तसेही दिसतात रे."

व्हिडिओ कॉलवर मुलगा. त्याला आधी कुठल्यातरी ऑनलाइन जाहिरातीतली १०-९०×८० झूमवाली दुर्बीण घ्यायची होती, तिचं मी थोडक्यात सांगितलं की ८० ला ९० ने भागा, डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत एक मिलिमीटरसुद्धा नाही, चित्र अंधारलेलं दिसणार. २०×८० असो की २५×१००, झोत चार मिमीचा पडतो, दिवसा डोळ्याला तेवढा भरपूर झाला. मग तो एकदम दुसऱ्या टोकाला, स्वारोव्स्कीचं बीटीएक्स घेऊ म्हणाला, दोन्ही डोळ्यांनी बघायचं, कपाळ टेकवायला पट्टी, ३० किंवा ३५ पट, किंमत लाखांत. वस्तू अप्रतिम आहे यात वादच नाही आणि माझं कमिशनही अप्रतिम झालं असतं, पण मी गॅलरीचा कठडा मोजून बसलो होतो. काकूंना उभं राहून बघणं जमत नाही, खुर्चीत बसल्यावर त्यांचे डोळे कठड्याच्या जेमतेम चार बोटं वर. आता अँगल्डची गंमत अशी की आपण वरून वाकून बघतो आणि नळी डोळ्याच्या खाली राहते, माळरानावर उंच-बुटक्या दहा जणांनी आळीपाळीने बघायचं तर त्याच्यासारखं सुख नाही, पण इथे स्कोप लावला तर समोर सिमेंट! बीटीएक्स पण अँगल्डच. उंच स्टूल आणू का असं मुलगा म्हणाला त्यावर आतून काका ओरडले, "चौदाव्या मजल्यावर कठड्याशी उंच स्टूल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तरी त्याच्या समाधानासाठी मी स्कोप उभ्याने लावला आणि ६० वर नेला, तर सगळे रोहित उकळत्या पाण्यात पडल्यासारखे. साडेसातला एवढी हवा थरथरणं काही पटेना, ती वेळ नऊ-साडेनऊनंतरची, त्यानंतर तिशीच्या वरची पॉवर असून नसून सारखीच. गॅलरीच्या उजव्या टोकाला, तुळशीच्या कुंडीपाशी नेलं तर चित्र बरंच शांत. परत डावीकडे आणलं, परत उकळी. वाकून खाली बघितलं तर तेराव्या मजल्यावरच्या बेडरूमचा एसी, त्याचं आउटडोअर युनिट बरोब्बर आमच्या नजरेच्या रेषेखाली गरम हवा वर फेकतंय. लाखाची काच लावा नाहीतर दहा लाखांची, मधल्या हवेचं काय करणार?

मग तुळशीपाशीच २५×१०० बसवली. चार किलोच्या वर वजन, जाडजूड ट्रायपॉड, चित्र सुरेख, आणि पाच मिनिटांत ते बारीक थरथरायला लागलं. वारा नव्हता. आत वॉशिंग मशीन स्पिनवर गेलं होतं, गॅलरीला लागूनच, एकाच स्लॅबवर! काकांनी मशीन बंद केलं. पण रोज ती दुर्बीण सरकवणार कोण, कामवाल्या मावशींनी नुसती उचलून बघितली नि सरळ नाही म्हणाल्या.

शेवटी २०×८०. साधारण दोन किलो, सरळ नळीची, त्यामुळे खुर्चीत बसून मान ताठ ठेवून बघता येतं. या मोठ्या दुर्बिणींना कुरिअरमध्ये दणका बसला की दोन्ही नळ्यांचे अक्ष हलतात आणि बघणाऱ्याचं डोकं दुखायला लागतं, म्हणून पलीकडचा विजेचा टॉवर धरून, डोळे हळूहळू मागे घेत दोन्ही चित्रं एका पातळीत राहतात का ते आधी तपासलं. काकूंच्या दोन डोळ्यांतलं अंतर कमी, नळ्या जवळजवळ शेवटपर्यंत मिटवाव्या लागल्या, पण बसलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे लांबचं चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, तो एक त्रास वाचला.

बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मुलगा तिकडून दोनदा "आई, दिसतंय का?" म्हणाला, उत्तर नाही. मग, "डावीकडचे सगळे छोटे. मध्ये तो उंच आहे ना, चोच बघ, मोठा आहे. आणि त्या मळकट राखाडी पोरांना अजून रंग यायचाय." मी बघितलं, बरोबर होतं.

बिल मुलाच्या अंदाजापेक्षा इतकं कमी झालं की मालकांचा चेहरा मी मनातल्या मनात बघून घेतला. ट्रायपॉडला मात्र मी कंजूषपणा करू दिला नाही, फ्लुइड हेडच, म्हणजे दुर्बीण सावकाश, एकसारखी फिरवू देणारं डोकं, घ्यायला लावलं, नाहीतर उडणाऱ्या थव्यामागे दुर्बीण फिरवताना दर वेळी हिसका बसतो. तुळशीपाशी फरशीवर तीन पायांच्या जागा टेपने चिकटवून दिल्या, एसीचं खालच्या वहिनींशी काकूच बोलणार होत्या, पण वहिनींच्या पोराची परीक्षा संपल्यावर.