प्रेसवर बोट गेल्यानंतरची कागदाची लढाई: माझा अनुभव

नाशिकच्या सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या, आकार देणाऱ्या मशीनवर) बोट जाणं ही आता बातमीही राहिलेली नाही. अशा कामगारांचे अर्ज आणि त्यांचा पाठपुरावा हे काम मी कामगार संघटनेकडून बघतो. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहितो. सगळा जोर कारखाने अधिनियम, 1948 वर आहे, कारण आमच्याकडची चालू प्रकरणं त्याच कायद्यातली आहेत. त्याच्या जागी आता नवी संहिता आली आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पहिला गोंधळ होतो तो कुठे जायचं यावरून. बहुतेक जण आधी कामगार उपायुक्तांकडे जातात. तिथे पगार, बोनस, कामावरून काढणं हे विषय चालतात. मशीनचं गार्ड, क्रेन, प्रेशर व्हेसल, केमिकल हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे येतं. शेडमधली जुनी माणसं तिथल्या निरीक्षकांना अजूनही ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’च म्हणतात. उपचार आणि भरपाईसाठी ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), आणि जबाब नोंदवायला पोलीस. एकाच अर्जाच्या चार झेरॉक्स काढून चारही ठिकाणी दिल्या, की प्रत्येक जण ‘हे आमच्याकडे येत नाही’ म्हणायला मोकळा होतो. अर्ज वेगळे लिहा, त्या-त्या कार्यालयाच्या कामापुरतेच.

आता कायद्यातली खरी गोम. कलम 105 प्रमाणे या कायद्याखालचा खटला फक्त निरीक्षकाच्या तक्रारीवर किंवा त्याच्या लेखी पूर्वपरवानगीने चालतो. त्या परवानगीशिवाय बोट गेलेला कामगार स्वतः खटला भरू शकत नाही. आणि कलम 106 म्हणतं की गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे. ही दोन कलमं एकत्र वाचली की लक्षात येतं, फाईल नुसती पडून राहिली तरी मालक सुटतो. कोणी लाच घ्यायचीही गरज नाही. त्यामुळे निरीक्षकाला कधी कळलं ही तारीख कागदावर पक्की करणं हे आपलं पहिलं काम. अर्ज आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, नंतर शिक्का मारतो’ याला होकार देऊ नका. रजिस्टर्ड पोस्टानेही एक प्रत पाठवा. फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर कळवलेलं कामाला येत नाही.

अर्जात काय लिहिता यावर तपासणी कशी होणार ते ठरतं. ‘कंपनीत सुरक्षेची साधनं नाहीत’ एवढंच लिहिलं, तर तपासणीच्या दिवशी सगळ्यांच्या डोक्यावर नवीकोरी हेल्मेट दिसतात आणि अर्ज निकाली निघतो. म्हणून मशीनचा नेमका तपशील लिहा: प्रेस किती टनी, मशीन नंबर, कोणता जॉब चालू होता, पायडलवर की बटणावर, गार्ड होतं की काढलं होतं, कोणाच्या सांगण्यावरून, शिफ्ट आणि वेळ.

क्लच, म्हणजे फिरतं चाक प्रेसला जोडणारा भाग, कोणता आहे हे तर लिहाच. आपल्याकडच्या लहान शेडमधल्या बऱ्याच जुन्या प्रेस की-क्लचच्या आहेत. पायडल दाबल्यावर ‘की’ (लोखंडी खीळ) फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे फिरत्या जड चाकात, बसते आणि पूर्ण फेरी झाल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे स्लाईड (वरून खाली येणारा भाग) एकदा निघाली की मध्ये थांबवता येत नाही. की झिजली, स्प्रिंग ढिली पडली किंवा ब्रेकचं लायनर गेलं, की पायडल न दाबताच दुसरा स्ट्रोक येतो. शेडमध्ये याला ‘डबल मारणं’ म्हणतात. ऑपरेटरचा हात तेव्हा डायमध्ये (साच्यात) तयार पीस काढत असतो.

अपघातानंतर मॅनेजमेंट हमखास एक गोष्ट करते: प्रेसला लाईट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा किरणांचा सेन्सर) बसवते आणि फोटोसकट पूर्ततेचं पत्र देते. की-क्लचच्या प्रेसवर हा सेन्सर म्हणजे दाखवायचे दात. किरण तुटला तरी स्लाईड खाली येणारच. सेन्सर चालतो तो न्यूमॅटिक (हवेच्या दाबावरच्या) फ्रिक्शन क्लच-ब्रेक असलेल्या प्रेसवर, कारण ती मध्येच थांबू शकते. की-क्लचला हात आतच जाऊ नये असं पक्कं गार्ड, नाहीतर इंटरलॉक गार्ड (जे बंद केल्याशिवाय मशीन चालत नाही) लागतं. दोन हातांच्या बटणांचंही तसंच. एक बटण चिकटपट्टीने किंवा रबराने दाबून ठेवलं की एका हाताने काम सुरू. दोन्ही बटणं जवळजवळ एकाच वेळी दाबली आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडली, तरच चालेल असं सर्किट आहे का, ते तपासायला अर्जात स्पष्ट सांगा. हे लिहिलं नाही तर कोणी तपासत नाही. लिहिलं तर अहवालात त्याचं उत्तर द्यावं लागतं.

दुसरी चोरी हजेरीत होते. कलम 88 प्रमाणे अपघातामुळे कामगार 48 तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याने त्याची सूचना द्यायची असते. म्हणून काही ठिकाणी हात बांधलेल्या माणसाला रिक्षाने आणून ऑफिसात बसवतात आणि हजेरी लावतात. कागदावर तो कामावर आहे, म्हणजे सूचना देण्याजोगा अपघातच झाला नाही. अशा वेळी डॉक्टरांचं विश्रांतीचं सर्टिफिकेट आणि हजेरी कार्डाचा फोटो एकत्र जोडा.

केस पेपर त्याहून महत्त्वाचा. पहिलं ड्रेसिंग जवळच्या खासगी दवाखान्यात होतं, सोबत सुपरवायझर असतो, आणि ‘कसं लागलं?’ याचं उत्तर तोच देतो. ‘घरी दारात बोट सापडलं’ असं एकदा लिहिलं गेलं, की पुढे ईएसआयपासून पोलिसांपर्यंत सगळे तोच कागद दाखवतात. घरच्यांनी तिथेच सांगून ‘कंपनीत प्रेसवर काम करताना’ असं लिहून घ्यावं. कंत्राटी कामगार असेल तर ठेकेदाराकडे बोट दाखवलं जातं. ते ऐकू नका. कारखान्यातल्या सुरक्षेची जबाबदारी भोगवटादाराची (ज्याच्या ताब्यात कारखाना आहे त्याची), मग पगार कोणीही देवो.

नोकरी जाईल या भीतीने नाव द्यायला कोणी तयार होत नाही. कलम 118-अ इथे कामाचं आहे: तक्रार कोणी केली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं आणि तक्रारीवरून आलोय हेही तपासणीत सांगायचं नाही. अर्जाच्या वरच हे कलम लिहा. पण तीस माणसांच्या शेडमध्ये कोणाचं बोट गेलं हे सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा या गुप्ततेला तेवढीच किंमत. संघटनेच्या लेटरहेडवर अर्ज दिला तर निदान एका माणसावर रोख राहत नाही.

तपासणी झाली की अहवाल कोणी आपणहून देत नाही. माहिती अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं. तपासणीचा शेरा, कारखान्याला दिलेलं पत्र, त्याचं उत्तर, आणि खटल्याचा प्रस्ताव वर पाठवला असल्यास त्याची तारीख, एवढंच मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे आणि तीन महिन्यांतले 30 दिवस इथेच जातात, म्हणून हा अर्ज तपासणीच्याच आठवड्यात टाका. ‘तपास चालू आहे’ म्हणून नकार आला, तर माहिती दिल्याने तपासात नेमका काय अडथळा येतो ते पहिल्या अपिलात विचारा. आणखी एक: निरीक्षकाने लेखी आदेश दिला आणि तो पाळला नाही, तर मुदत तीनऐवजी सहा महिने मिळते. तोंडी सूचनेला ही मुदत नाही, म्हणून लेखी आदेशाचा आग्रह धरा.

एवढं करून शिक्षा काय? कलम 92 मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही असं लिहिलंय खरं, पण गंभीर दुखापतीत दंडाची खालची मर्यादा 5,000 रुपये, मृत्यू झाला तर 25,000. शिवाय बोटाचं एकच हाड मोडलं तर ती या कायद्यात गंभीर दुखापतच नाही. पैशाचं म्हणाल तर ते ईएसआयमधून येतात: तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या 90 टक्के, आणि तर्जनी पूर्ण गेली तर कायमस्वरूपी 14 टक्के अपंगत्व, एकच पेर गेलं तर 9. ईएसआय नसेल तर कर्मचारी भरपाई कायद्याखाली दोन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. हे दोन्ही रस्ते खटल्याची वाट न बघता सुरू करा.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत गंभीर दुखापतीचा किमान दंड 2 लाख आणि मृत्यूत 5 लाख आहे, आणि त्यातला निम्मा तरी जखमीला किंवा वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. ही सुधारणा मोठी आहे. पण केंद्राच्या कायद्यात विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्याची मर्यादा 10 कामगारांवरून 20 वर गेली, आणि निरीक्षक आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ झालाय. अंबडच्या गाळ्यांत एकाच छताखाली दोन नावांनी पंधरा-पंधरा माणसं दाखवणं काही अवघड नाही. तिथे तक्रार करताना वीज मीटर किती, गेट एक की दोन आणि कामगार इकडून तिकडे फिरवतात का, हे आधी लिहून घ्या. कारखाना आहे हेच मुळात सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागेल.