शिळं पाणी

आमच्या बेळगावात एक नियम कुणी न शिकवता घरोघर पाळला जातो. नवं पाणी आलं की जुनं ओतायचं. वॉलमन लांब लोखंडी चावी घेऊन कोपऱ्यावर दिसला की गल्ली जागी होते. शेजारच्या काकू कन्नडमध्ये 'नीरु बंतु री!' म्हणून हाक देतात, इकडून कुणीतरी 'आलं आलं' म्हणतं. तोटी आधी नुसती फुसफुसते, मग दोन-चार ठसके देते, मग थोडी मातकट धार, ती बादलीत. स्वच्छ धार लागेपर्यंत इकडे स्वयंपाकघरातला हंडा उपडा झालेला असतो. कालपरवाचं पाणी तुळशीला, उरलं तर अंगणात. का? तर ते शिळं.

आता हे ताजं पाणी येतं कुठून? शहराच्या पश्चिमेला राकसकोपला मार्कंडेय नदी अडवली आहे. जलाशय समुद्रसपाटीपासून 2475 फुटांना भरतो, आणि जुलैत तो आकडा आमच्याकडची माणसं शेअर बाजाराच्या भावासारखा रोज पेपरात बघतात. तिथून पाणी हिंडलग्याच्या पंपिंग स्टेशनवरून लक्ष्मी टेकला, तिथे शुद्ध होऊन टाकीत आणि मग गल्लीत. म्हणजे मे महिन्यात हंड्यात पडणारं ताजं पाणी मुळात गेल्या आषाढ-श्रावणातलं! दुसरं पाणी हिडकलचं. घटप्रभेवरचं हे धरण चांगलं 51 टीएमसीचं, पण शहरापेक्षा कितीतरी खाली, त्यामुळे तिथलं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवावं लागतं. पंपाची वीज गेली की आमचा नळही गेला. एवढा प्रवास करून आलेलं, महिनोन्‌महिने धरणात बसलेलं पाणी ताजं, आणि हंड्यात दोन रात्री राहिलेलं शिळं.

हे मी आईला समजावून बघितलं. ती भांडी घासायची थांबली नाही. 'धरण केवढं, हंडा केवढा? काय बोलतोस तू पण.'

तसं बघितलं तर आईचं सगळंच चुकत नाही. नळाच्या पाण्याला जो औषधाचा वास येतो तो क्लोरीनचा. भारतीय मानकाप्रमाणे घरातल्या तोटीपर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा, वाटेत काही मिसळलं तर मारायला. पाणी साठवून ठेवलं की तो हळूहळू उडून जातो. त्यात कुणीतरी तांब्या बोटांसकट बुडवतो. अशा पाण्याची राखण करायला मग कुणी उरत नाही. डेंग्यूचा डास तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यावरच टपलेला असतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून तर आरोग्य खात्याच्या बायका घरात येऊन पिंपात डोकावतात आणि आठवड्यातून एकदा कोरडं करा म्हणून सांगून जातात. उन्हाळ्यात नळ यायच्या दोन वेळांमधलं अंतर तेवढंच वाढतं, हा भाग वेगळा.

मात्र शिळ्याचा नियम फक्त पिण्याच्या हंड्याला. न्हाणीघरातलं पिंप वापरायच्या पाण्याचं, ते कधीच शिळं होत नाही. त्याच्या तळाला बोटभर गाळ साचतो, वर नवं पाणी पडत राहतं, आणि कुणाचं काही म्हणणं नसतं. डासांना हा भेद कुणी सांगितलेला नाही.

विहिरीचं पाणीही कुणी शिळं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. जुन्या घरांच्या परसात आड आहेत. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर अजून आहे, तिचं नावच काँग्रेस विहीर. महात्मा गांधी ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष झाले ते हेच. विहिरीतलं पाणी कधीचं का असेना, पोहऱ्यातून वर आलं की ताजं.

खरा पेच झाला तो चोवीस तास पाण्याने. शहराच्या काही भागांत 2008 च्या सुमारास हा प्रयोग सुरू झाला. फायदा उघड आहे. पाइपात कायम दाब असला की बाहेरची घाण आत ओढली जात नाही, आणि पहाटे उठून तोटीवर कान लावून बसायला लागत नाही. पण नळ जातच नसेल तर नवं पाणी आलं कधी म्हणायचं, आणि जुनं झालं कधी?

माझी मावशी अशाच भागात राहते. तिच्या स्वयंपाकघरात तांब्याचा हंडा काठोकाठ भरलेला असतो, आणि रोज सकाळी ती तो मोगऱ्याला ओतून पुन्हा भरते.

'चोवीस तास नळ आहे की मावशी, भरून कशाला ठेवतीस?'

'उद्या नाही आलं तर?'

'मग कालचं ओतून कशाला टाकतीस?'

'शिळं पाणी प्यायचं काय मग?'