दुसऱ्याच्या वाड्यातले राजे

मराठी माणूस तंजावरला जातो तो थोडा यात्रेकरू आणि बराचसा नातेवाईक म्हणून. मदुरैला, रामेश्वरला तो मुकाट रांगेत उभा राहतो. इथे मात्र स्टेशनावर उतरल्यापासून त्याचा आवाज जरा चढतो. ‘एकेकाळी आपलंच राज्य होतं हो इथे,’ हे बायकोला, मुलांना आणि जमल्यास रिक्षावाल्यालाही सांगून होतं. रिक्षावाल्याला मराठी येत नाही, हे एका परीनं बरंच.

मग बृहदीश्वराचं देऊळ समोर येतं आणि ही सगळी ऐट पायताणांबरोबर बाहेरच राहते. राजराज चोळानं ते १०१० मध्ये पुरं केलं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, सुमारे २१६ फूट उंच, सगळं ग्रॅनाइटमध्ये, आणि शहराच्या आसपास तर डोंगराचा पत्ता नाही. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं गाईड हमखास सांगतात. ऐकणारे त्या वेळी अंगणात पडलेल्या चांगल्या ऐसपैस सावलीत बसलेले असतात. कुणी काही बोलत नाही. देवळात कशाला वाद?

मला या देवळात उंचीपेक्षा जोत्याचं वेड लागलं. तिथे राजराजाचे शिलालेख आहेत. आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीनं दिलेलं, राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं, सगळं दगडावर कोरा, असा त्याचा हुकूम. मग देवापुढे अखंड तेवणाऱ्या एका दिव्याच्या तुपासाठी ९६ मेंढ्या, असे हिशेब येतात. देवळाच्या चाकरीतल्या ४०० नर्तकींची नावं येतात, आणि कोण कुठल्या आळीत कितव्या घरात राहते, तेही येतं. राजाचं नाव हजार वर्षं टिकलं यात नवल नाही. एका नर्तकीचा घर नंबर टिकला, हे मला जास्त मोठं वाटतं.

तिथून पुढे नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात गेलं की मराठी माणसाला पुन्हा कंठ फुटतो. कारण तिथे भोसल्यांच्या काळातला गणपती आहे (आपण कुठेही गेलो तरी गणपतीची सोय आधी करणार), आणि भिंतीवर चक्क देवनागरी. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा समग्र इतिहास इथे मराठीत कोरून घेतला. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. लोक पहिल्या चार ओळी मोठ्यानं वाचतात, ‘शिवाजी’ कुठे आहे ते बोटानं शोधतात, फोटो काढतात आणि निघतात. पूर्ण वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही; ऊन तरी किती सोसणार!

पण त्या भिंतीपाशी एक गोष्ट लक्षात येते आणि मग गावभर ती पाठ सोडत नाही. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे १६७० च्या दशकात इथे गादीवर बसले. तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं, भोसले इथे नांदले. राहायला वाडा मिळाला तो इथल्या आधीच्या नायक राजांनी उभारलेला. त्यात त्यांनी भर घातली एवढंच. पूजेला देऊळ चोळांचं. त्यातला मोठा नंदी आणि त्याचा मंडपही नायकांच्या काळातला. रायगड-प्रतापगड पाहून आलेला माणूस इथे ‘आपलं काय?’ असं विचारतो, आणि बुरूज, तटबंदी शोधत हिरमुसतो.

आपलं इथे आहे ते कागदावर. वाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. नायकांच्या काळापासूनचा संग्रह, पण त्याला आजचं रूप आलं ते सरफोजींमुळे. १८२० च्या सुमारास राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला गेले आणि तिथून हस्तलिखितं घेऊन आले. बाकीचे लोक गंगाजल आणतात! ताडपत्रं, संस्कृत पोथ्या, मोडीची दप्तरं, इंग्रजी-फ्रेंच पुस्तकं, सगळं एका छपराखाली. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी तर अशा की सोबत रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं काढून ठेवलेली. राजांनी छापखानाही काढला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा पुण्यात पेशवाई अजून शाबूत होती.

या उद्योगामागचं कारण तसं करुण आहे. १७९९ च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरले किल्ला, वाडा आणि तनखा. तनख्यावरचे राजे काय काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे: शिकारी, नाच, दत्तकाचे तंटे. ह्या गृहस्थानं पुस्तकं जमवली. पराक्रमाच्या तराजूत हे कमी भरतं, असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मनातून मला ते पटत नाही.

आणि हे वेड घराण्यातच असावं. व्यंकोजींचे थोरले चिरंजीव शहाजी राजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत नाटकं लिहिली, तेलुगूतही लिहिली. आपण मराठी रंगभूमीचा पाळणा सांगलीत १८४३ मध्ये हलवतो. तंजावरकरांनी यावर कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. सभ्य माणसं.

वाड्यात बाकी पाहण्यासारखं म्हणाल तर चोळांच्या काशाच्या मूर्ती अप्रतिम आहेत, दरबारातला सरफोजींचा संगमरवरी पुतळाही छान. वरच्या मजल्यावर देवमाशाचा सांगाडा का ठेवलाय ते विचारू नये. मुलांना मात्र अख्ख्या तंजावरात तेवढाच आवडतो. डोलणाऱ्या मानेच्या बाहुल्या बाजारात घ्याव्यात, घासाघीस करून.

शिवगंगा बागेजवळचं चर्च सहसा कुणी दाखवत नाही. आत एक संगमरवरी शिल्प आहे: पाद्री श्वार्ट्झ अंथरुणाला खिळलेले आणि शेजारी त्यांचा हात धरून उभे सरफोजी. लहानपणी ज्यानं सांभाळलं, शिकवलं, त्या परधर्मी गुरूसाठी राजांनी ते खास लंडनच्या फ्लॅक्समनकडून घडवून घेतलं. इथेही घर दुसऱ्याचंच, पण राजे आत अगदी घरच्यासारखे उभे आहेत.

या सगळ्यात मला राहून राहून आठवतात त्या कामाक्षीबाई. सरफोजींचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले, मागे मुलगा नव्हता. कंपनीनं राज्य खालसा केलं आणि खासगी चीजवस्तूंवरही मोहोर लावली. त्यांच्या विधवा राणी कामाक्षीबाई मद्रासच्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं. १८५९ मध्ये तिथे निकाल फिरला. हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही, असं ठरलं. तलवार उपसलेल्या राण्यांचे पुतळे आपण चौकाचौकात उभे करतो. वकीलपत्र देऊन साम्राज्याला कोर्टात खेचणारीचा कुठे चौथराही नाही. तंजावरात आपणहून तिचं नाव घेणारा गाईड भेटला, तर त्याला ठरल्यापेक्षा शंभर रुपये जास्त द्यावेत. सावलीची गोष्ट त्यानं सांगितली असली तरीही.